सर्वश्रेष्ठ मल्ल कोण?

गेल्या श्रावणांतली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती, शाळेचें मैदान चिखलानें भरून गेलें होतें, आणि मधल्या सुटींत दहावीच्या वर्गांत मोठा वाद माजला होता. वादाचा विषय परीक्षेचा नव्हता. जगांतील सर्वांत मोठा लढवय्या कोण, हा होता. एका विद्यार्थ्यानें महंमद अली या मुष्टियोद्ध्याचें नांव घेतलें. दुसरा म्हणाला, अली पांच वेळां हरला. जो एकदांही हरला नाहीं तो रॉकी मार्सियानो श्रेष्ठ. तिसऱ्यानें जो लुई यास पुढें केलें. इतक्यांत मागच्या बांकावरून एक मुलगी म्हणाली, "हे सारे परदेशचे झाले. आपल्या महाराष्ट्राचा कोण?" वर्ग क्षणभर शांत झाला, मग कोणी खाशाबा जाधव, कोणी मारुती माने, अशीं नांवें येऊं लागलीं. घंटा झाली, मी वर्गांत शिरलों, आणि सर्वांनीं एकमुखानें निवाडा मजवर सोंपविला.

त्या दिवशीं मीं निवाडा दिला नाहीं. क्रमांक लावण्यापूर्वीं माप ठरवावें लागतें, तें ठरवून मग सांगेन, असें वचन देऊन मीं भूगोलाचा धडा काढला. तें वचन या लेखांत फेडीत आहें.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. मुष्टियुद्धांत लढणाऱ्यांचे वजनाप्रमाणें गट पाडलेले असतात. त्यांपैकीं सर्वांत वरच्या गटास हेवीवेट म्हणतात. त्यांत वजनाला वरची मर्यादा नसते. या गटाचा अजिंक्यवीर तो जगांतील सर्वांत बलाढ्य पुरुष, अशी लोकांची समजूत गेलीं सव्वाशें वर्षें चालत आली आहे. त्यामुळें आजवरच्या अजिंक्यवीरांत पहिला कोण, दुसरा कोण, याची यादी करणें हा तिकडील वर्तमानपत्रांचा व रसिकांचा आवडता उद्योग होऊन बसला आहे. आपल्याकडे तें स्थान कुस्तीस आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या कांठच्या खेड्यांत यात्रेच्या दिवशीं हलगी वाजली कीं लोकांचे पाय आखाड्याकडे वळतात. उधव्याच्या बाजूस कोल्हापुराप्रमाणें गल्लोगल्लीं तालीम नाहीं हें खरें. तथापि ते मल्ल आपल्याच राज्याचे, आपल्याच भाषेचे, आणि बहुतेक आपल्यासारख्याच शेतकरी घरांतले. तेव्हां माप कसें असावें हें मुष्टियोद्ध्यांवरून पाहूं, आणि मग तेंच आपल्या मल्लांस लावूं.

पहिलें माप सर्वांच्या तोंडीं असतें : किती लढती जिंकल्या व किती हरल्या? रॉकी मार्सियानो हा १९५२ सालीं अजिंक्यवीर झाला व १९५६ सालीं निवृत्त झाला. व्यावसायिक म्हणून तो ४९ वेळां लढला आणि ४९ वेळां जिंकला. महंमद अली ६१ लढतींपैकीं ५६ जिंकला व ५ हरला. केवळ वजाबाकी करावयाची तर निकाल लागलाच. परंतु मार्सियानोच्या त्या ४९ विजयांत एक विजय जो लुईवरचा आहे, आणि तो १९५१ सालचा आहे. त्या वेळीं लुई ३७ वर्षांचा होता. अजिंक्यपद सोडून त्यास दोन वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि डोक्यावर सांचलेली सरकारी कराची बाकी फेडण्यासाठीं तो पुन्हां रिंगणांत उतरला होता. हिशेबाच्या वहींत मात्र हा विजय इतर विजयांसारखाच एक म्हणून मांडला जातो. उलट, अलीच्या पांच पराजयांपैकीं शेवटचे दोन १९८० व १९८१ सालचे, म्हणजे त्याचें वय ३८-३९ असतांनाचे आहेत. तेव्हां आंकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो.

आपल्या देशांतील उदाहरण घेऊं. गामा पहिलवान १८७८ सालीं जन्मला व १९६० सालीं लाहोर येथें वारला. आखाड्यांतील आपल्या दीर्घ आयुष्यांत तो अजिंक्य राहिला असें मानतात. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें पोलंडचा प्रख्यात मल्ल झिबिस्को याच्याशीं त्याची कुस्ती झाली. गामाचा जोर ओळखून झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला बिलगून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला तरी निकाल लागेना, आणि कुस्ती बरोबरींत सोडविण्यांत आली. पुढें जानेवारी १९२८ मध्यें पतियाळा येथें तेच दोघे पुन्हां भेटले, तेव्हां गामानें त्यास एका मिनिटाच्या आंत आस्मान दाखविलें. वहींत पहिल्या कुस्तीची नोंद बरोबरीची आहे. परंतु ज्यांनीं ती कुस्ती पाहिली असेल, त्यांस कोण धरावयास पाहत होता आणि कोण निसटावयास पाहत होता हें त्याच दिवशीं कळलें असलें पाहिजे.

दुसरें माप : तो कोणाशीं लढला? दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरील वीस विजयांपेक्षां तुल्यबळावरील एक विजय मोठा. या मापानें पाहतां आपल्या लाडक्या गामासंबंधींही थोडें सांवधपणें बोलावें लागतें. त्याच्या उमेदीच्या काळांत पाश्चात्त्य कुस्तींत अमेरिकेचा फ्रँक गॉच व त्याचा प्रतिस्पर्धी जॉर्ज हॅकेनश्मिट हे दोघे अग्रगण्य होते. गामाची त्या दोघांपैकीं कोणाशींही कुस्ती झाली नाहीं. गामा त्यांना भारी पडला असता, असें मलाही वाटतें. पण तें अनुमान झालें, निकाल नव्हे. शहाण्या माणसानें अनुमान व निकाल हे दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावे.

तिसरें माप काळाचें : शिखरावर तो किती दिवस टिकला? येथें जो लुईच्या जवळ कोणी येत नाहीं. जून १९३७ मध्यें त्यानें अजिंक्यपद मिळविलें, तें मार्च १९४९ मध्यें आपण होऊन सोडीपर्यंत राखलें, आणि या अवधींत २५ आव्हानवीरांशीं झालेल्या लढती जिंकल्या. हेवीवेट गटांत हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं. अलीची गोष्ट निराळी. १९६४ सालीं तो अजिंक्यवीर झाला. १९६७ सालीं व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत दाखल होण्याचें त्यानें नाकारलें म्हणून त्याचें पद काढून घेण्यांत आलें, व सुमारें साडेतीन वर्षें त्यास लढूं दिलें नाहीं. तीं वर्षें त्याच्या ऐन ताकदीचीं, वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतचीं होतीं. तरीही १९७४ सालीं त्यानें जॉर्ज फोरमन यास हरवून तें पद परत मिळविलें, आणि १९७८ सालीं तिसऱ्यांदा मिळविलें. जीं वर्षें त्यास लढूं दिलें नाहीं तीं कोणत्या खात्यांत मांडावीं? टिकलेल्या दिवसांची बेरीज करणारास याचें उत्तर देतां येत नाहीं.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ सालापासून भरत आली आहे. तींत नरसिंग यादव यांनीं २०११, २०१२ व २०१३ अशीं लागोपाठ तीन वर्षें गदा मिळविली. त्यांच्या पाठोपाठ जळगांव जिल्ह्यांतील विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं तीन वर्षें तोच पराक्रम केला. काळाच्या मापानें हे दोघे महाराष्ट्र केसरींत उठून दिसतात. परंतु पूर्वीचे कित्येक मल्ल एकदां गदा मिळाल्यावर हिंदकेसरीच्या किंवा परदेशच्या स्पर्धांकडे वळले, हेंही ध्यानांत ठेवावें.

चौथें माप नियमांचें व साधनांचें. मातीची कुस्ती व गादीवरची कुस्ती या एका घरच्या दोन बहिणी असल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. मातीच्या हौद्यांत तांबडी माती चाळून, तींत हळद, तेल व ताक घालून ती मऊ करतात. तेथें गुणांचा हिशेब नसतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, तो चीत झाला, कीं कुस्ती निकाली. त्यामुळें दमसास व ताकद यांना तेथें मोठें महत्त्व. गादीवर मिनिटें मोजलेलीं असतात, एकेका डावास गुण मिळतात, आणि चपळाई व पायांवरचे हल्ले यांस भाव असतो. एकींत वाढलेला मल्ल दुसरींत उतरला म्हणजे त्यास आपली विद्या जवळजवळ नव्यानें शिकावी लागते. म्हणून मातींतील वीर व गादीवरील वीर यांची तुलना करतांना, परक्या नियमांनीं कोण लढला, हें विचारलेंच पाहिजे.

पांचवें माप वजनाचें. आणि हें मजसारख्या शिक्षकानेंही विसरूं नये असें आहे. महाराष्ट्र केसरीची गदा जड वजनाच्या गटासाठीं असते. हलक्या अंगाचा मल्ल कितीही निष्णात असला तरी ती गदा त्याच्या खांद्यावर येणें कठीण. मुष्टियुद्धाच्या जाणकारांनीं यावर एक तोड काढली आहे. सर्वांचीं वजनें सारखीं धरलीं असतां श्रेष्ठ कोण, असा प्रश्न ते विचारतात. याच्या उत्तरांत बहुधा पहिलें नांव निघतें तें शुगर रे रॉबिन्सन याचें. आणि तो हेवीवेटचा अजिंक्यवीर कधींच नव्हता, मध्यम वजनाच्या गटांत लढणारा होता.

येथें माझ्या एका चुकीची कबुली देतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं, मी नवखा शिक्षक असतांना, एका शाळेच्या क्रीडामहोत्सवांत कुस्तीच्या जोड्या लावण्याचें काम मजकडे आलें. मीं हजेरीपट पुढें घेतला आणि इयत्तेप्रमाणें जोड्या लावून मोकळा झालों. नववीच्या दोन मुलांची एक जोडी पडली. एक अंगानें थोराड. दुसरा पाड्यावरून रोज दीड कोस चालत येणारा, काटकुळा. हा काटकुळा मुलगा चार-पांच मिनिटें त्या थोराडाच्या हातीं लागला नाहीं. एकदां तर त्यानें त्यास गुडघ्यावर आणलें. अखेर वजनाखालीं दबून तो चीत झाला. मीं वहींत त्याच्या नांवापुढें 'हरला' असें लिहिलें. संध्याकाळीं त्याचे वडील मला भेटले. ते रागावले नव्हते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "गुरुजी, भाताचें पोतें देखील आपण कांट्यावर चढवितों, पोरांना कां नाहीं चढविलें?" मजजवळ उत्तर नव्हतें. पुढील वर्षीं मीं वजनकांटा मागून आणला व त्याप्रमाणें जोड्या लावल्या. परंतु तोंवर तो मुलगा शाळा सोडून मजुरीस गेला होता. केवळ त्या कुस्तीमुळें तो गेला असें मी म्हणत नाहीं. पण जो शब्द मीं वहींत लिहिला तो न्यायाचा नव्हता, आणि तो खोडण्याची संधि मला पुन्हां मिळाली नाहीं.

सहावें माप मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि याद्या करणारे बहुधा तेंच विसरतात. तें असें : रिंगणांत कोणास उतरूं दिलें, व कोणास दिलें नाहीं?

अमेरिकेचा जॉन सुलिव्हन हा १८८२ पासून १८९२ पर्यंत हेवीवेटचा अजिंक्यवीर होता. त्याच काळांत पीटर जॅक्सन नांवाचा एक कृष्णवर्णी योद्धा ऑस्ट्रेलियाचा अजिंक्यवीर होता. सुलिव्हननें काळ्या माणसाशीं अजिंक्यपदासाठीं लढण्याचें साफ नाकारलें. १८९१ सालीं जॅक्सन व जेम्स कॉर्बेट यांची लढत ६१ फेऱ्या चालली व निकालावांचून थांबविण्यांत आली. पुढच्याच वर्षीं कॉर्बेटनें सुलिव्हन यास हरवून अजिंक्यपद घेतलें. म्हणजे नव्या अजिंक्यवीराशीं ६१ फेऱ्या तोलानें लढलेला माणूस अजिंक्यपदाच्या दारांतही जाऊं शकला नाहीं. पुढें १९०८ सालीं सिडनी येथें जॅक जॉन्सन यानें हें पद मिळविलें व तो पहिला कृष्णवर्णी हेवीवेट अजिंक्यवीर झाला. १९१५ सालीं तो हरला. आणि त्यानंतर २२ वर्षें, जो लुईपर्यंत, एकाही कृष्णवर्णी योद्ध्यास त्या पदासाठीं लढण्याची संधि दिली गेली नाहीं. त्या बावीस वर्षांतील अजिंक्यवीरांचीं नांवें आपण यादींत वाचतों, तेव्हां तीं सर्वांतील श्रेष्ठांचीं नांवें आहेत, कीं ज्यांना आंत घेतलें त्यांतील श्रेष्ठांचीं, हा प्रश्न मनांत यावयास हवा.

आपल्याकडे हा प्रश्न एका राजानें ओळखला होता. कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम शहरांतील प्राचीन क्रीडांगण त्यांनीं पाहिलें, आणि त्या धर्तीवर कोल्हापुरांत खासबागेचें मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. मध्यें आखाडा व भोंवतीं पायरीपायरीनें चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळें शेवटच्या ओळींतील माणसासही कुस्ती दिसते. त्यांच्या आश्रयास सर्व जातिधर्मांचे मल्ल होते. आणि ज्या वर्षीं ते विलायतेस गेले त्याच वर्षीं, २६ जुलै १९०२ रोजीं, संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. आखाड्याचें दार व कचेरीचें दार हीं दोन्ही एकाच माणसानें उघडलीं, हा मला केवळ योगायोग वाटत नाहीं.

स्त्रियांपुढें मात्र हें दार फार काळ बंदच होतें. अलिगडची हमीदा बानू हिनें १९५४ सालीं बडोदें येथें एका पुरुष मल्लास दोन मिनिटांच्या आंत चीत केल्याची नोंद आहे. तथापि तिच्यासाठीं ना किताब होता, ना स्पर्धा. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची कुस्ती २००४ सालीं व स्त्रियांचें मुष्टियुद्ध २०१२ सालीं सुरू झालें. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ सालीं सांगली येथें भरली. ती प्रतीक्षा बागडी यांनीं जिंकली. पुरुषांची सुरू झाल्यावर बासष्ट वर्षांनीं! मागच्या बांकावरून प्रश्न विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीनें ही वजाबाकी अवश्य करून पाहावी.

आतां निवाड्याकडे वळूं. जड वजनाच्या मल्लांत माझ्यापुढें चार नांवें येतात. पहिले श्रीपती खंचनाळे. ते बेळगांव जिल्ह्यांतील एकसंब्याचे. कोल्हापुरांत तयार झाले व १९५९ सालीं हिंदकेसरी झाले. दुसरे गणपतराव आंदळकर, सांगली जिल्ह्यांतील पुनवत गांवचे. ते १९६० सालीं हिंदकेसरी झाले. तिसरे मारुती माने, त्याच जिल्ह्यांतील कवठेपिराणचे. ते १९६४ सालीं हिंदकेसरी झाले. चौथे हरिश्चंद्र बिराजदार, लातूर जिल्ह्याचे. ते १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले, व १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. यांपैकीं आंदळकर व माने यांनीं १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत जड वजनाच्या गटांत प्रत्येकीं एक सुवर्ण व एक रौप्य पदक जिंकलें. मातींत वाढून गादीवर, आणि तेंही दोन निरनिराळ्या नियमांच्या कुस्त्यांत, त्यांनीं हें यश मिळविलें. चौथ्या मापानें हें दोघे इतरांच्या पुढें जातात. दोघांत पुढें कोण, हें ठरविण्याइतका फरक मला दिसत नाहीं. म्हणून मी त्यांस एकाच ओळींत लिहितों. त्यांच्या खालीं बिराजदार, व त्यांच्या खालीं खंचनाळे.

परंतु सर्व वजनांचे मल्ल एकत्र घेतले, तर माझ्या यादींत पहिलें नांव या चौघांपैकीं कोणाचें नाहीं. तें आहे खाशाबा दादासाहेब जाधव यांचें. 

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यांत झाला. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धांत ते हलक्या वजनाच्या गटांत उतरले. मातींत घडलेल्या या तरुणास गादीची नीटशी ओळखही नव्हती. तरी त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. पुढच्या चार वर्षांत त्यांनीं गादीवरची कुस्ती चिकाटीनें आत्मसात केली. १९५२ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें जावयाचें ठरलें, पण प्रवासखर्चाची भ्रांत होती. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाच्या पेशांतील माणसानें ही गोष्ट वाचली म्हणजे त्यास क्षणभर थांबावें लागतें.

हेलसिंकी येथें ५७ किलो वजनाच्या गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविलें. पुढें सुवर्णपदक जिंकणारा जपानचा इशी व रौप्यपदक जिंकणारा सोव्हिएत संघाचा मल्ल, एवढ्या दोघांकडूनच ते हरले. जपानी मल्लाशीं झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर पुरेशी विश्रांति न देतांच त्यांस पुढच्या कुस्तीस उभें केलें, व त्यांची बाजू मांडण्यास त्या वेळीं तेथें कोणी नव्हतें, असें सांगतात. तरीही कांस्यपदक त्यांचें झालें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें स्वतःच्या एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. शंभरांहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें त्यांना गांवीं नेण्यांत आलें. मिरवणूक संपल्यावर त्यांनीं काय केलें? पुन्हां आखाड्यांत उतरून कुस्त्या केल्या, आणि त्यांतून मिळालेल्या पैशांनीं खर्डेकरांचें घर सोडविलें.

या पदकाचें मोल काळच सांगतो. भारताच्या दुसऱ्या खेळाडूस वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडलें; मध्यें ४४ वर्षें गेलीं. कुस्तीचें दुसरें पदक २००८ सालीं, म्हणजे ५६ वर्षांनीं आलें. आणि महाराष्ट्राच्या सुपुत्रास पुन्हां वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालें तें २०२४ सालीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांस. मध्यें ७२ वर्षें लोटलीं. खाशाबा मात्र पोलीस खात्यांत नोकरी करून निवृत्त झाले, व १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. आतां त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रांत राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

सहाही मापें लावून पाहा. विजयांची संख्या इतरांची अधिक असेल. शिखरावरील दिवस इतरांचे अधिक असतील. परंतु प्रतिस्पर्धी साऱ्या जगांतून निवडलेले, नियम परके, साधनें तुटपुंजीं, वजन ५७ किलो, आणि आखाड्यापर्यंत पोंचण्याचा रस्ता गहाणखतावरून गेलेला! अशा स्थितींत जो तिसरा आला, त्यास मी पहिला मानतों. केसरीची गदा त्यांच्या खांद्यावर कधीं आली नाहीं. त्यांच्या वजनाच्या मल्लासाठीं ती नव्हतीच. माझ्या निवाड्याशीं कोणाचें जमणार नाहीं, तर त्यानें आपलें माप आधीं सांगावें व मग आपलें नांव सांगावें. माप न सांगतां नुसतें नांव सांगणें याला मत म्हणतां येईल, निवाडा म्हणतां येणार नाहीं.

माझी यादी मीं एका कागदावर लिहून वर्गाच्या भिंतीवर लावली आहे. वरून खालीं क्रमानें नांवें आहेत, आणि सर्वांत शेवटीं एक ओळ मोकळी आहे. मुलांनीं विचारलें, ही कोणासाठीं? मीं सांगितलें, ज्यांना कोणी आखाड्यांत उतरूंच दिलें नाहीं, त्यांच्यासाठीं. त्यांचा क्रमांक लावण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं. पण ते होते, हें लिहून ठेवणें आपल्या हातीं आहे.

पालकांस शेवटीं एक विनंति. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक हातीं आलें म्हणजे आपण प्रथम क्रमांक पाहतां. पाहावा, तो खोटा नसतो. परंतु लावणीच्या दिवसांत तुमच्याबरोबर गुडघाभर चिखलांत राबून, रात्रीं धाकट्या भावंडाला निजवून, मग पुस्तक उघडणारी मुलगी वर्गांत नववी आली असेल, तर तो नववा क्रमांक कांट्यावर चढवून पाहावा. आणि कुठल्याही मुलाच्या नांवापुढें 'हरला' हा शब्द लिहिण्याची घाई आम्हां शिक्षकांकडून झाली, तर त्या वडिलांनीं मला विचारला तोच प्रश्न आपण आम्हांस निःसंकोच विचारावा.